बसला की चिकटला? लिपिडचे फुगे आणि काच: पहिल्या प्रयोगासाठी मार्गदर्शन

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा लिपिडचे फुगे बघणाऱ्याच्या वहीत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: "फुगे काचेला चिकटले." कशावरून, असं विचारलं की उत्तर येतं, "तळाशी होते आणि हलत नव्हते." माझ्याही वहीत हेच होतं. तीन आठवडे मी तळाशी बसलेले फुगे मोजले आणि 'चिकटलेले' या रकान्यात लिहिले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बंद केलेली स्लाइड उलटी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आता चहा पिऊन येऊ." आल्यावर ती सरळ करून बघितली. मोठे फुगे जवळजवळ सगळे जागेवरून गेले होते. ते काचेला कधी चिकटलेच नव्हते, नुसते बसले होते.

बसणं आणि चिकटणं यांतला फरक डोळ्यांनी कसा ओळखायचा, त्यासाठी फुगे कसे करायचे, काच कशी तयार करायची आणि काय मोजायचं, हे सगळं या लेखात आहे. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा नव्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या महिन्यासाठी तो उपयोगी पडावा. फेज कॉन्ट्रास्ट असलेला सूक्ष्मदर्शक, फ्यूम हूड आणि व्हॅक्यूमची सोय हवी. बाकीचं साधं आहे.

फुगा म्हणजे काय, आणि तो चिकटताना काय करतो

लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थाचा रेणू: त्याचं डोकं पाणी मागतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून पाण्यात हे रेणू दोन थरांत, शेपट्या आत लपवून, पटल बनवतात. पटलाची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर. ते स्वतःवर बंद झालं की पिशवी तयार होते. इंग्लंडमध्ये बाब्रहॅम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, आणि तेव्हापासून पेशीच्या पटलाची सगळ्यात साधी प्रतिकृती म्हणून त्या वापरल्या जातात. आपण करणार आहोत त्या १० ते ४० मायक्रोमीटर व्यासाच्या. शास्त्रीय मराठीत त्यांना पुटिका म्हणतात, प्रयोगशाळेत व्हेसिकल. मी फुगाच म्हणेन, कारण वाढदिवसानंतर दोन दिवसांनी मऊ पडलेला फुगा हीच इथली सगळ्यात कामाची उपमा आहे.

घट्ट भरलेला फुगा ओल्या फरशीवर ठेवला तर तो एका ठिपक्यापुरता टेकतो. मऊ पडलेला फुगा तळहाताएवढा पसरतो. फरशी तीच, रबर तेच, तरीही टेकण्याचं क्षेत्र वेगळं, कारण पसरायला पृष्ठभाग मोकळा हवा. लिपिडचं पटल तर रबराहून अडेल आहे: ते सहज वाकतं, पण ताणायला गेलं तर क्षेत्रफळ ३ ते ५ टक्के वाढेपर्यंतच टिकतं, पुढे फाटतं. म्हणून 'ही काच चिकट आहे का' हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. फुगा किती मऊ आहे, हे त्याच दमात विचारावं लागतं.

प्रयोगाआधी कागदावर एक हिशेब

हा भाग टाळू नका. याच्याशिवाय पुढचे आकडे नुसते पाठ होतील.

चिकटायला फुग्याला आकार बदलावा लागतो, म्हणजे पटल वाकवावं लागतं. व्होल्फगांग हेल्फ्रिच यांनी १९७३ मध्ये या वाकण्याच्या ऊर्जेचं सूत्र मांडलं. नेहमीच्या लिपिडचा वाकण्याचा गुणांक खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या साधारण २० ते २५ पट असतो. त्यावरून गोल फुगा बनवायला लागणारी वाकण्याची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या ५०० ते ६०० पट येते, आणि गंमत अशी की ती फुग्याच्या आकारावर अवलंबून नसते. लहान असो की मोठा, खर्च तोच. चिकटून मिळणारा फायदा मात्र टेकलेल्या क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणून एका विशिष्ट आकाराखाली फुगा चिकटतच नाही. त्याला ते परवडत नाही.

हा आकार किती, ते उदो सायफर्ट आणि राइनहार्ड लिपोवस्की यांनी १९९० मध्ये दाखवलं. वाकण्याच्या गुणांकाची दुप्पट घ्या, तिला दर चौरस मीटरच्या चिकटण्याच्या ऊर्जेने भागा आणि वर्गमूळ काढा. आतलं पाणी मोकळेपणी बाहेर जाऊ शकणाऱ्या फुग्यासाठी ही मर्यादेची त्रिज्या. चिकटण्याची ऊर्जा दर चौरस मीटरला १ मायक्रोज्यूल असेल, तर ती ०.४५ मायक्रोमीटर येते. ऊर्जा शंभरपट कमी, म्हणजे ०.०१ मायक्रोज्यूल असेल, तर ४.५ मायक्रोमीटर. शंभरपट जास्त असेल, तर ०.०४५ मायक्रोमीटर, म्हणजे ४५ नॅनोमीटर. एकाच काचेवर मोठे फुगे चिकटलेले आणि लहान मोकळे दिसले तर काच खराब आहे असं लगेच समजू नका. हिशेब आधीपासून तेच सांगत असतो.

पहिली पायरी: साखरेची दोन पाणी

आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज. या जोडीचे दोन फायदे आहेत. सुक्रोजचं द्रावण जड असल्यामुळे फुगे तळाशी येतात, आणि दोन्हींचा अपवर्तनांक वेगळा असल्यामुळे फेज कॉन्ट्रास्टमध्ये फुगे गडद आणि भोवती उजळ कडा असे ठळक दिसतात.

२०० मिलिमोलर सुक्रोजसाठी १०० मिलिलिटर पाण्यात ६.८५ ग्रॅम. बाहेरचं ग्लुकोज थोडं जास्त तीव्र ठेवायचं, २१० मिलिमोलर, म्हणजे फुग्यातलं पाणी थोडं बाहेर येऊन तो मऊ पडतो. इथे एक खड्डा आहे. निर्जल ग्लुकोज असेल तर १०० मिलिलिटरला ३.७८ ग्रॅम लागतं. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलेलं असेल तर ४.१६ ग्रॅम. लेबल न वाचता वजन केलं, की तुमचे 'मऊ' फुगे फुगून टम्म झालेले मिळतात आणि दिवस वाया जातो. ऑस्मोमीटर (द्रावणातल्या कणांची एकूण तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर दोन्ही पाणी त्यावर तपासूनच पुढे जा.

२०० ला २१० हा फरक फुग्याचं आकारमान जवळपास ५ टक्क्यांनी घटवतो. त्यामुळे गोल राहायला लागतो त्यापेक्षा सव्वातीन टक्के पृष्ठभाग जास्त उरतो. पहिल्या प्रयोगाला एवढा मोकळेपणा पुरतो. २२० घेतलं तर फुगे डोळ्यांदेखत लवलवतात, पण गुरुत्वाकर्षणाचा घोळ वाढतो. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी पायरी: फुगे फुलवणं

दोन रस्ते आहेत. जुना आणि भरवशाचा रस्ता विद्युतक्षेत्राचा. मिग्लेना अँगेलोव्हा आणि दिमितर दिमित्रोव्ह यांनी तो १९८६ मध्ये दाखवला. वीजवाहक लेप असलेल्या दोन काचांमध्ये लिपिडचा पातळ थर, मध्ये सुक्रोज, आणि १० हर्ट्झचा १ ते ३ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब, तास-दोन तास. यासाठी सिग्नल जनरेटर आणि ती खास काच लागते.

नवख्यांना मी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या थरापासून सुरुवात करायला सांगते. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, ९० अंशांच्या आसपास ढवळत राहा, पूर्ण विरघळेपर्यंत. स्वच्छ कव्हरस्लिपवर पातळ थर पसरून ५० अंशांवर अर्धा तास वाळवा. त्यावर लिपिडचं क्लोरोफॉर्ममधलं द्रावण, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, फक्त १० ते १५ मायक्रोलिटर, सुईच्या आडव्या अंगाने हलक्या हाताने फिरवा. मग अर्धा तास व्हॅक्यूममध्ये. त्यानंतर ५०० मायक्रोलिटर सुक्रोज घाला आणि अर्धा ते एक तास धक्का न लावता ठेवा. खालचा थर पाणी पितो, फुगतो आणि लिपिडचं पटल फुग्यांसारखं उचलून देतो.

पहिल्या खेपेला लिपिड डीओपीसी घ्या. ते उणे १७ अंशांच्या वर कायम द्रवरूप असतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाची काळजी नाही. डीपीपीसी घेतलंत तर ४१ अंशांच्या खाली त्याचं पटल गोठलेलं राहतं, वाकायला नको म्हणतं, आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो.

क्लोरोफॉर्म फ्यूम हूडमध्येच, आणि काचेच्या सिरिंजने. प्लॅस्टिकच्या टिपमधून ते प्लॅस्टिकमधली द्रव्यं सोबत घेऊन येतं आणि ती पटलात जाऊन बसतात. लिपिडची कुपी फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हा प्रयोग करत असाल, तर गार कुपीत हवेतलं पाणी किती पटकन उतरतं ते पहिल्याच दिवशी कळेल. अशा दिवसांत व्हॅक्यूमचा वेळ मी सरळ दुप्पट करते.

फुगे उचलताना पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून रुंद करा. अरुंद तोंडातून ओढलेले मोठे फुगे फाटतात. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: या पद्धतीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे काही रेणू फुग्यांबरोबर येऊ शकतात आणि चिकटण्यावर परिणाम करू शकतात. शिकायला ही पद्धत उत्तम. पण छापायचे आकडे काढायचे असतील तर विद्युतक्षेत्राने केलेल्या फुग्यांवर तेच मोजमाप पुन्हा करा.

तिसरी पायरी: तीन काचा, एकाच दिवशी

एका काचेवर केलेला प्रयोग काही सांगत नाही. तीन कक्ष एकाच वेळी लावा.

पहिली काच दुधातल्या प्रथिनाने झाकलेली. केसिनचं द्रावण, मिलिलिटरला १ ते २ मिलिग्रॅम, २० ते ३० मिनिटं ठेवून धुऊन टाका. केसिन काचेला घट्ट धरतं आणि फुग्याला काचेपर्यंत पोहोचू देत नाही. ही तुमची 'न चिकटणारी' काच, तुलनेचा पाया. दुसरी नुसती स्वच्छ काच: साबण, पाणी, इथेनॉल, पुन्हा भरपूर पाणी. तिसरी हीच स्वच्छ काच, पण बाहेरच्या ग्लुकोजमध्ये २ ते ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड.

मॅग्नेशियम कशासाठी? पाण्यात काचेवर ऋण भार असतो. पटलावर भार असो वा नसो, दोघांमध्ये पाण्याचे आणि आयनांचे थर असतात. क्षार घातला की विद्युत ढकलाढकलीचा पल्ला आखूड होतो. साध्या मिठाच्या १ मिलिमोलर द्रावणात तो १० नॅनोमीटर असतो, १०० मिलिमोलरमध्ये १ नॅनोमीटर. पल्ला आखूड झाला की जवळून काम करणारं व्हॅन डर वाल्स आकर्षण पटलाला काचेकडे ओढून घेतं. ढकलणं आणि ओढणं यांची ही बेरीज देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडली. मॅग्नेशियमवर दोन भार असल्यामुळे थोडंसंही पुरतं.

आता दुसरा खड्डा, आणि हा मी वारंवार बघितला आहे. १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड म्हणजे द्रावणात तीन मिलिमोलर कण. ५ मिलिमोलर घातलं की ग्लुकोज तेवढंच, १५ मिलिमोलरने, कमी करायचं. नाही केलं तर फुगा क्षारामुळे जास्त चिकटला की जास्त मऊ पडल्यामुळे, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. मीठ १०० मिलिमोलर घालायचं असेल तर हा फरक जवळजवळ २०० चा होतो. तेवढा ग्लुकोज कमी करून भागवता भागवता बाहेर साखरच उरत नाही, मग आतलं सुक्रोजही वाढवावं लागतं.

कक्ष दोन कव्हरस्लिपमध्ये १ मिलिमीटर जाडीचा पट्टा ठेवून करा. फुगे एकास पाच ते एकास दहा या प्रमाणात ग्लुकोजमध्ये सोडा आणि कडा व्हॅसलिनने बंद करा. नेलपॉलिश नको, त्यातला द्रावक पटलात शिरतो. उघड्या कक्षातून पाणी उडतं, बाहेरचं द्रावण तीव्र होत जातं आणि फुगे मऊ पडत जातात. मे महिन्यात पंख्याखाली हे दहा मिनिटांत दिसतं.

चौथी पायरी: थांबणं

१० मायक्रोमीटर त्रिज्येचा फुगा या साखरपाण्यात सेकंदाला साधारण पावणेतीन मायक्रोमीटर वेगाने खाली येतो. १ मिलिमीटर उतरायला सहा मिनिटं. ३ मायक्रोमीटर त्रिज्येच्या फुग्याला याच अंतराला तास उलटून जातो. म्हणून कक्ष भरल्यावर पाच मिनिटांत मोजायला बसलात तर तळाशी फक्त मोठे असतील, आणि 'मोठेच चिकटतात' असा चुकीचा निष्कर्ष वहीत जाईल. अर्धा तास थांबा, आणि कोणत्या आकाराचे फुगे मोजताय ते आधी ठरवून ठेवा.

पाचवी पायरी: बघणं

प्रयोगाचा खरा गाभा इथे आहे.

आधी गुरुत्वाकर्षण समजून घ्या. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या फुग्याचं पाण्यातलं वजन अर्धा पिकोन्यूटन भरतं. ऐकायला नगण्य, पण औष्णिक हालचाल त्याला तळापासून सरासरी ८ नॅनोमीटरच उचलू शकते. म्हणजे चिकटण्याचं कसलंही बळ नसताना हा फुगा काचेला जवळजवळ भिडून बसतो. शिवाय मऊ असेल तर स्वतःच्या वजनाने खालून चपटा होतो. वजन जिंकणार की पटलाचा ताठपणा, हे ठरवणारी संख्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढते. ३ मायक्रोमीटरच्या फुग्यासाठी ती ०.१ आहे, १० मायक्रोमीटरच्यासाठी १२. पहिला वजनाने चपटा होत नाही, दुसरा होतो. म्हणून चपटा तळ म्हणजे चिकटणं नव्हे. निदान मोठ्या फुग्यात तरी नाही. आणि ३ मायक्रोमीटरचा मोकळा फुगा तर तळापासून सरासरी ३०० नॅनोमीटर वर तरंगत असतो.

मग कोणत्या खुणा बघायच्या? पहिली खूण भटकण्याची. एकाच फुग्याचं दोन मिनिटांचं चित्रण करा. ५ मायक्रोमीटर त्रिज्येचा मोकळा फुगा मिनिटाला एक-दोन मायक्रोमीटर इकडेतिकडे सरकतोच. भिंतीजवळचं पाणी त्याला अडवतं म्हणून थोडा कमी, पण सरकतो. सगळे फुगे एकाच दिशेला निघाले असतील तर तो कक्षातला प्रवाह, त्याला भटकणं म्हणू नका. चिकटलेला फुगा जागचा हलत नाही.

दुसरी खूण काठाच्या लवलवण्याची. मऊ मोकळ्या फुग्याचा काठ सतत थरथरत असतो, वाऱ्यावरच्या साडीच्या पदरासारखा. ही थरथर पटलाला काचेपासून दूरही ढकलते, कारण भिंतीला लागून थरथरायला जागा उरत नाही. हेल्फ्रिच यांनी १९७८ मध्ये दाखवलेलं हे ढकलणं. फुगा चिकटू लागला की उरलेला पृष्ठभाग काचेवर खर्च होतो, वरचं पटल ताणलं जातं आणि थरथर थांबते. नुसती स्वच्छ काच आणि मॅग्नेशियमची काच शेजारी ठेवून एवढं जरी बघितलंत तरी प्रयोग सार्थकी लागला. काचेला टेकलेल्या खालच्या भागाची बातमी फुगा वरच्या काठावर देतो.

तिसरी खूण कोपऱ्याची, आणि तिला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो. लिपिडमध्ये ऱ्होडामिन हा चमकणारा रंग लावलेलं लिपिड ०.१ टक्का मिसळा आणि फुग्याचा उभा छेद घ्या. पटल काच सोडून वर वळतं तिथली वक्रता चिकटण्याची ताकद थेट सांगते. ऊर्जा ०.०१ मायक्रोज्यूल असेल तर त्या वळणाची त्रिज्या २.२ मायक्रोमीटर, म्हणजे गोलाई स्पष्ट दिसते. १ मायक्रोज्यूल असेल तर ०.२२ मायक्रोमीटर, प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याच्या सीमेवर, म्हणून तिथे तीक्ष्ण कोपरा दिसतो. गोल वळण म्हणजे ढिला संग, टोकदार कोपरा म्हणजे घट्ट.

चौथी खूण परावर्तित प्रकाशाच्या व्यतिकरणाची. १९६४ मध्ये अ‍ॅडम कर्टिस यांनी पेशी काचेला कुठे टेकते हे बघायला ती वापरली. खालून एकरंगी प्रकाश सोडायचा, काचेवरून परतलेला आणि पटलावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळू द्यायचा. दुसऱ्या परावर्तनात लाटेची कला उलटते, म्हणून पटल काचेला टेकतं तिथे काळं दिसतं, आणि भोवती न्यूटनच्या कड्या उमटतात. ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात एका काळ्या कडीपासून पुढच्या काळ्या कडीपर्यंत पटल २०५ नॅनोमीटर वर चढलेलं असतं. दोन कड्यांमधलं अंतर १ मायक्रोमीटर भरलं तर तिथला चढ सुमारे १२ अंश. इतकं साधं गणित, आणि नॅनोमीटरच्या उंच्या हातात येतात. मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यात प्रिय आहे.

पण इथेही घाई नको. १० मायक्रोमीटर त्रिज्येचा गोल फुगा काचेला नुसता स्पर्श करत असला, तरी मध्यभागी १ मायक्रोमीटर त्रिज्येचा काळा ठिपका दिसतोच, कारण तेवढ्या भागात पटल काचेपासून ५० नॅनोमीटरहून जवळ असतं. ठिपका असणं पुरेसं नाही. तो ठिपका मोठा, एकसारखा काळा आणि स्थिर आहे, की करडा आणि लुकलुकणारा आहे, ते बघा. लुकलुकणारा करडा तळ म्हणजे पटल अजून काचेवर तरंगतं आहे. स्थिर काळी चकती, आणि तिच्या कडेला दाटीने आलेल्या कड्या, म्हणजे चिकटलेला फुगा.

सहावी पायरी: उलटं करून बघणं

वरची कोणतीही साधनं नसली तरी ही कसोटी घेता येते. तळाचा एक भाग निवडून फुग्यांची जागा चित्रात पकडा. कक्ष पंधरा मिनिटं उलटा ठेवा. सरळ करा आणि लगेच त्याच जागेचं चित्र घ्या. मोठ्या फुग्यांना परत खाली यायला सहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ हातात आहे. जे जुन्याच जागी आहेत ते चिकटलेले. लहान फुगे पंधरा मिनिटांत काचेपासून फारसे दूर जात नाहीत, त्यांच्यासाठी दोन तास ठेवा किंवा त्यांना या मोजणीतून वगळा.

केसिनच्या काचेवर जवळपास कोणी उरू नये. उरले तर केसिनचा थर नीट बसलेला नाही, बाकीच्या दोन काचांचे आकडे वापरू नका.

फुटलेले फुगे

मॅग्नेशियमच्या काचेवर काही फुगे गायब होतील आणि त्यांच्या जागी काचेवर पसरलेला सपाट तुकडा दिसेल, रंग लावलेला असेल तर फुलाच्या पाकळ्यांसारखा. फुगा चिकटून फाटला आणि त्याचं पटल काचेवर अंथरलं गेलं. काचेवरचं हे पटल १९८५ मध्ये टॅम आणि मॅककॉनेल यांनी अभ्यासलं, आणि आज कित्येक प्रयोगशाळा मुद्दाम असंच पटल बनवतात. कॅल्शियम घातलं तर हे आणखी लवकर होतं.

कोणता फुगा फुटेल याचा अंदाज बांधता येतो. सेलोटेप काचेवरून सोलताना जो नियम असतो तोच इथे आहे: पटलातला ताण म्हणजे चिकटण्याची ऊर्जा भागिले (१ उणे कोनाचा कोसाइन). कोन म्हणजे काच आणि वर चढणारं पटल यांच्यामधला, फुग्याच्या बाहेरच्या बाजूचा. मऊ फुगा भरपूर पसरतो, कोन ९० अंशांपर्यंत जातो, आणि ताण चिकटण्याच्या ऊर्जेएवढाच राहतो. टम्म फुगा पसरू शकत नाही, कोन ३० अंशांवर अडतो, आणि ताण साडेसातपट होतो. म्हणून त्याच काचेवर घट्ट फुगे आधी फुटतात आणि मऊ टिकतात. 'मऊ म्हणजे नाजूक' ही आपली घरची समजूत इथे सोडून द्यावी लागते.

चिकटण्याचा प्रश्न औषधाच्या कुपीतही येतो. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या कर्करोगावरच्या औषधात साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचे लिपिडचे फुगे आहेत. रक्तातल्या प्रथिनांनी आणि पेशींनी त्यांना धरू नये म्हणून त्यांच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे केस उगवलेले असतात. तुमच्या केसिनच्या काचेचं काम तिथे फुगाच करतो.

वेळ उरला तर

स्वच्छ काचेचा चौथा कक्ष झाकण न लावता ठेवा, त्यात २ मिलिमोलर मॅग्नेशियम. चिकटलेला एक फुगा निवडा, तळावर फोकस करा आणि कक्षाच्या कडेने ३०० मिलिमोलर ग्लुकोजचे थोडे थेंब हळूच सोडा. साखर पसरायला काही मिनिटं लागतात. मग आतलं पाणी बाहेर येऊ लागतं, आकारमान घटतं, पृष्ठभाग मोकळा होतो आणि काळी चकती रुंदावू लागते. दर तीस सेकंदांनी तिचा व्यास लिहा. काच तीच, क्षार जवळपास तेवढाच, वाढला तो फक्त फुग्याचा मऊपणा. नंतर साधं पाणी थेंबाथेंबाने सोडून चकती परत आखडते का तेही बघा. घाई केलीत तर फुगा टम्म होऊन फुटेल, म्हणून एका वेळी एकच थेंब, आणि दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं.